बेस स्वतः वाजवून बघा

धुळ्याचा एक हिप हॉप प्रोड्यूसर आता बूगी फंक, म्हणजे डिस्कोतून निघालेलं नाचाचं संगीत, बनवतोय. त्याने हिप हॉप सोडलं असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. दोन्हींचं नातं जुनं आहे. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचं रॅप गाजलं ते 'शीक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स' गाण्यातल्या बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या चालीवर. पुढच्या दोन-तीन वर्षांत डिस्कोचा वेग उतरला, व्हायोलिनचा ताफा गेला, बेस सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर आला. तेच बूगी.

मी अमळनेरला घरीच बीट बनवतो. सहा वर्षं नुसती सॅम्पलं, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे कापले. मग बेस स्वतः वाजवायला बसलो तेव्हा कळलं, स्वर धरण्यापेक्षा तो कधी सोडायचा यावर सगळी लय उभी आहे. तोच तुकडा फिरवत लूप लावताना ती मोकळी जागा मला कधी ऐकूच आली नव्हती! आपल्या वरातीतले कीबोर्डवाले डाव्या हाताने बेस सांभाळतात, तो हात आता मी लक्ष देऊन बघतो.

आणि अहिराणी ओळ 'शे'वर (म्हणजे 'आहे'वर) संपते ना, तो 'शे' अगदी ड्रमच्या हाय-हॅट झांजेसारखा पडतो. धुळ्याच्या त्या प्रोड्यूसरने बूगीवर अहिराणी रॅप करावंच. मी बेस वाजवून द्यायला तयार आहे.