मदत हवी आहे: ई/बी हा वेग प्रकाशापेक्षा जास्त आला तर कणाचं काय होतं?

बारावीच्या मुलांना लॉरेन्झ बल, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं प्रभारित कणावरचं बल, शिकवतोय. विद्युत क्षेत्र 'ई' आणि चुंबकीय क्षेत्र 'बी' एकमेकांना काटकोनात, आणि त्यात स्थिर प्रोटॉन सोडला. तो विद्युत क्षेत्राच्या दिशेनं निघतो, वेग आला की चुंबकीय बल त्याला वळवतं, वळता वळता तो उलटा फिरतो, कमावलेला वेग गमावून क्षणभर थांबतो आणि पुन्हा निघतो. मार्ग सायक्लॉइडचा, म्हणजे घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा ठिपका काढतो तशा कमानींचा. एकूण सरकणं दोन्ही क्षेत्रांना काटकोनात, सरासरी वेग ई/बी. इथवर मुलांना पटलंय.

अडलंय पुढे. या वेगात प्रभार नाही की वस्तुमान नाही. ०.०१ टेस्ला आणि मीटरला १००० व्होल्ट घेतले, तर इलेक्ट्रॉनची कमान जेमतेम ०.११ मिलिमीटर उंच आणि प्रोटॉनची २१ सेंटिमीटर. तरी दोघंही एकाच बाजूला, सेकंदाला १०० किलोमीटर याच वेगानं सरकतात! समीकरणात वस्तुमान कटतं हे दिसतं, पण कारण काय सांगू?

त्यात एका मुलीनं विचारलं: पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला. त्याला समांतर, १ सेंटिमीटर अंतरावर दोन पट्ट्या ठेवून २०० व्होल्ट दिले, तर ई/बी येतो सेकंदाला ५ लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग तर ३ लाख. प्रश्न इतका चांगला आहे की 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून टाळायचा नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दोन्हींचं उत्तर एकच. कुठलं क्षेत्र किती दिसतं, हे बघणाऱ्याच्या वेगावर ठरतं. ई/बी वेगानं त्याच दिशेला जाणाऱ्या निरीक्षकाला विद्युत क्षेत्र शून्य दिसतं, उरतं फक्त चुंबकीय. त्याच्या दृष्टीनं सगळे कण जागच्या जागी गोल फिरतात. प्रभार आणि वस्तुमान यांवर वर्तुळाचा आकार आणि फिरण्याची दिशा ठरते, बस. सरकण्याचा वेग हा त्या निरीक्षकाचा वेग आहे, म्हणून तो सगळ्यांना सारखा.

पण असा निरीक्षक ई/बी प्रकाशवेगापेक्षा कमी असेल तरच शक्य आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या आकड्यांत उलटं घडतं: प्रकाशाच्या ६० टक्के वेगानं जाणाऱ्याला चुंबकीय क्षेत्रच नाहीसं दिसतं. मग वळवणार कोण? कण सुटला की वेग घेतच राहतो, परत फिरत नाही. ई/बी हे सूत्र तिथे लागूच होत नाही.

तिला एक गणित जरूर करायला द्या. २०० व्होल्टमधून आलेल्या इलेक्ट्रॉनच्या वळणाची त्रिज्या पृथ्वीच्या क्षेत्रात सुमारे १.२ मीटर येते, आणि पट्ट्यांत अंतर १ सेंटिमीटर. तो जवळपास सरळ जाऊन समोरच्या पट्टीवर आदळेल.