क्रौर्यामागचं अर्थकारण

अमेरिकी पत्रकार ॲडम सर्वर यांच्या ट्रम्पकालीन राजकारणावरच्या निबंधांतला ‘क्रौर्य हाच मूळ हेतू असतो’ हा मुद्दा काहींना अतिशयोक्त वाटतो. मला तो पटतो. अमेरिकेत जमावाने कृष्णवर्णीयांना खटल्याविना ठार मारण्याच्या, म्हणजे लिंचिंगच्या, जुन्या छायाचित्रांत प्रेताभोवती जमलेली माणसं खरोखर हसताहेत, आणि त्या छायाचित्रांची पोस्टकार्डं विकली जात होती.

पण नुसत्या क्रौर्यावर थांबलं तर अर्धंच दिसतं. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकर्तीने उरलेलं अर्धं आधीच दाखवलं होतं. १८९२ साली मेम्फिसमध्ये त्यांचे मित्र थॉमस मॉस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना जमावाने ठार मारलं. मॉस यांचं किराणा दुकान जवळच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक ओढत होतं, हे खरं दुखणं! लिंचिंगसाठी पुढे केला जाणारा बलात्काराचा आरोप ही बहुतेकदा सबब असते, हे वेल्स यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतल्या नोंदी मांडून सिद्ध केलं. तसं लिहिल्याबद्दल त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त झाली. त्या बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या.

लिंचिंगविरोधी विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, प्रथम १९०० साली आलं. संघराज्याचा कायदा व्हायला २०२२ उजाडलं.