मदत हवी आहे : अप्पर वर्धा धरणावरचा कुरव (सीगल) नेमका कोणता?

नमस्कार मंडळी. आमचं गाव मोर्शी तालुक्यात, सिंभोऱ्याच्या धरणापासून जवळच. परवा सकाळी काठावर गेलो, तर भोई दादांच्या डोंग्याभोवती आठ-दहा पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय आम्हाला रोजचा आहे, पण हे अंगानं भरदार, शेपटीला खाच नाही. म्हणजे कुरवच. रत्नागिरीच्या बंदरावर जाळ्यांमागे उडणारे कुरव पाहिले होते. समुद्राचा म्हणून ओळखलेला पक्षी आपल्या धरणावर बघून फार आनंद झाला.

अडचण अशी की हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोन्ही कुरवांचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे फक्त काळसर ठिपका उरतो. पुस्तकाप्रमाणे पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे डाग असतील तर तपकिरी डोक्याचा, म्हणजे लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करणारा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा असेल तर काळ्या डोक्याचा. माझ्या फोटोत टोक काळं दिसतं, पण डोळा गडद आहे. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट असतो ना? मग हे पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू असेल का? शेपटीच्या टोकाला काळी पट्टीही आहे.

फोटो खाली टाकतो. जाणकारांनी कृपया सांगावं. आणि याच नळ-दमयंती सागरावर (अप्पर वर्धाच्या जलाशयावर), किंवा गोसीखुर्द, इटियाडोह या धरणांवर कोणी कुरव पाहिले असतील तर महिना नक्की लिहा.