मदत हवी आहे : स्पॅनिश गोष्टी सांगताना 'होता'पाशी अडकलेय

नमस्कार मंडळी. नववीच्या सहा मुलांना घरी स्पॅनिश शिकवते, ए-टू (म्हणजे सुरुवातीची दुसरी) पातळी. विमानतळ-हॉटेलच्या संवादांना पोरं कंटाळली, म्हणून मेक्सिकोच्या दंतकथा घेतल्या. 'आबीआ उना बेस' म्हणजे आपलं 'आटपाट नगर होतं' आणि शेवटचं 'कोलोरीन कोलोरादो' म्हणजे 'साठा उत्तरांची कहाणी', हे लगेच पटलं.

चंद्रावरच्या सशाची गोष्ट तर फारच रंगली. केत्साल्कोआत्ल देव माणसाच्या रूपात भटकून भुकेजतो, ससा म्हणतो, "मलाच खा". देव त्याला चंद्रापर्यंत उचलतो आणि तिथे ठसा उमटतो. एक मुलगी म्हणाली, "अहो ताई, ही तर जातककथा!" मग त्याग, पाहुणचार यांवर अर्धा तास वाद, तोही निम्मा स्पॅनिशमध्ये.

घोडं अडलंय ते लिहिताना. 'ससा लहान होता'ला सगळ्यांनी 'एल कोनेहो फुए पेकेन्यो' लिहिलं. हवं 'एरा'. 'फुए' म्हणजे घडून संपलेला 'होता', 'एरा' म्हणजे वर्णनातला 'होता'. मराठीत दोन्हीकडे 'होता'च, मग फरक समजवायचा कसा? 'चालत होता' आणि 'चालला' यांवरून 'कामिनाबा' आणि 'कामिनो' जमतं, पण 'होता'पाशी गाडी रुतते. तुमची काही युक्ती?

दुसरं, १-२ नोव्हेंबरच्या मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाआधी 'ला योरोना' (रडणाऱ्या बाईच्या भुताची दंतकथा) घ्यायचा विचार आहे. पण त्यात आईच मुलांना नदीत बुडवते. एका पालकांनी आधीच नाक मुरडलंय. या वयाला कोणी शिकवली आहे का? की त्याऐवजी मुंगी होऊन मका आणणाऱ्या केत्साल्कोआत्लवरच भागवू?