मदत हवी आहे: स्टीप टर्नमध्ये उंची टिकत नाही (इंदूर)

घारू: मंडळी, विमान चालवायला शिकतेय. गुरुवारी चेक (परीक्षेचं उड्डाण) आहे आणि माझा स्टीप टर्न (विमान खूप कलवून घेतलेलं वळण) काही केल्या बसत नाहीये. ४५ अंश बँक (विमानाचा कल), पूर्ण ३६० अंश वळायचं, उंची १०० फुटांच्या आत. माझी दीड-दोनशे सहज जाते. सर मागून एकच घोष लावतात, "बाहेर बघ, बाहेर बघ." बाहेरच बघते हो! पॉवर, रडर, व्हिडिओ, सगळं करून झालंय. कृपया "सराव कर" लिहू नका.

बंडूनाना: विमान कोणतं? किती तास झाले? आणि "जाते" म्हणजे वर की खाली? एवढं तरी लिही गं.

घारू: सेस्ना १७२, दुसरं काय असणार. ३८ तास. कधी वर, कधी खाली. त्याचंच तर डोकं फिरलंय.

निळी_खिडकी: योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढत नाहीयेस पुरेसं. ४५ ला विमान जवळजवळ दीडपट जड होतं. उंची गेली की ओढ बिनधास्त.

जुना_वैमानिक: हा सल्ला शिकाऊ मुलीला देऊ नका. १.४१ जी (म्हणजे वजन १.४१ पट) आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत) १९ टक्क्यांनी वर, हे एक. दुसरं, नाक खाली गेलेलं असताना बँक तशीच ठेवून ओढलं की वळण आणखी आवळतं, वेग वाढतो आणि उंची जातच राहते. यालाच स्पायरल म्हणतात. आधी बँक कमी, मग नाक वर. हा क्रम मी मुलांकडून घोकून घ्यायचो.

निळी_खिडकी: काका, ४५ आहे, ६० नाही. उगाच घाबरवताय.

जुना_वैमानिक: ६० ला २ जी. मी क्रम सांगतोय, घाबरवत नाही.

पोहे_जिरावन: माझा भाचा यंदा बारावीला आहे. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला) खर्च किती येतो? चष्मा असला तर चालतो का?

बंडूनाना: वेगळा धागा काढा हो. इथे पोरीचं विमान खाली चाललंय.

सिम्युलेटरवाला: वळण सुरू होताच ट्रिमचं चाक (योकवर लावावा लागणारा जोर कमी करणारं) थोडं मागे फिरव. हात हलका होतो. मी घरी रोज करतो.

निळी_खिडकी: घरी खुर्चीवर बसून सगळंच हलकं लागतं. ट्रिम लावलेलं विमान सरळ होताना वर उसळतं, ते कोण दाबणार?

सिम्युलेटरवाला: दाबायचं आपणच! माहीत असलं की झालं.

बंडूनाना: ट्रिम राहू दे. घारू, खाली जातं ते डाव्या वळणात की उजव्या?

घारू: तेवढं कोण लक्षात ठेवतं... थांबा, वही काढते.

घारू: अगं बाई! डावीकडे सहापैकी पाच वेळा खाली. उजवीकडे सगळ्या वेळा वर.

बंडूनाना: मग निदान झालं. तू डाव्या सीटवर, म्हणजे विमानाची मधली रेषा तुझ्या उजव्या हाताला. डावीकडे कललीस की काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) मध्य क्षितिजाच्या वर चढल्यासारखा दिसतो आणि तू नकळत योक पुढे देतेस. उजवीकडे नाक खाली पडल्यासारखं दिसतं, तू ओढतेस. तू बाहेर बघतेस, पण चुकीच्या जागी. सरळ उडताना तुझ्या नाकासमोर (विमानाच्या नव्हे) काचेवर क्षितिज जिथे लागतं, तिथे खूण कर. दोन्ही वळणांत तीच खूण धर. आणि सीट रोज त्याच खाचेत, त्याच उंचीवर. सीट बदलली की खूण खोटी.

जुना_वैमानिक: सहमत. शिवाय एवढ्या बँकेला विमान आपण होऊन आणखी कलू पाहतं, तेव्हा एलेरॉन (पंखांवरच्या, कल बदलणाऱ्या पट्ट्या) किंचित उलटं लागतं. सरळ कधी व्हायला लागतेस?

घारू: यशवंत सागर समोर धरून वळण सुरू करते, तलाव परत समोर आला की सरळ व्हायला लागते.

जुना_वैमानिक: उशीर झाला मग. साधारण २० अंश आधी सुरुवात कर, आणि सरळ होताना ओढ सोडायला विसरू नकोस. नाहीतर शेवटी वर जाशील.

पोहे_जिरावन: चष्म्याचं कुणी सांगितलं नाही.

घारू (शनिवारी): आज सकाळी ७ च्या सॉर्टीत (उड्डाणात) सरांना विचारून काचेवर आईची टिकली लावली. मरून, छोटी. डावीकडची तिन्ही वळणं ६० फुटांच्या आत! उजवीकडे अजून ८०-९० वर जातंय, पण १०० च्या आत आहे. सरांना म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, "बाहेर बघ, हेच तर सांगत होतो."

उतरल्यावर टिकली काढायची राहिली. माझ्यानंतरच्या सॉर्टीचा मुलगा विचारत होता, ही कुणाची.