मदत हवी आहे: पन्नाशीनंतर नोकरी जाण्याची धास्ती

नमस्कार मंडळी. वय ५४, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारा-दुरुस्त करणारा कारागीर आहे. ऑर्डरी घटल्यात, रात्रपाळी बंद झाली, आता माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. मालक स्पष्ट काहीच बोलत नाहीत, आणि तेच जास्त खातं.

रात्री तीनला जाग येते ती येतेच. छातीत धडधडतं, मग मोबाईलवर पीएफची रक्कम बघत बसतो. या शहरातल्या गिरण्या बंद पडताना घरात काय होतं ते लहानपणापासून पाहिलंय, म्हणून जास्तच धसका. घरच्यांना अजून बोललो नाही. मुलीचं शेवटचं वर्ष आहे.

हिशोबाचं थोडं कळतं: ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे, पीएफची पूर्ण पेन्शन ५८ ला, त्याआधी घेतली तर कायमची कमी. म्हणून चार वर्षं कशी काढायची हाच प्रश्न.

या वयात रॅपियर लूम (बिनधोट्याचा नवा वेगवान माग) शिकून कुणी टिकलंय का? झोपेसाठी सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवावं का, कुणाला अनुभव? आणि बायकोला आत्ताच सांगू की नोटीस आल्यावर? खरं मत द्या.