मदत हवी आहे: चिमटी सोडताना वस्तू जागेवरून सरकते

नमस्कार मंडळी,

माझी बहीण शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या मुलांसाठी हृदयाचं त्रिमितीय मॉडेल करतोय. मुलं कॅमेऱ्यासमोर हवेत चिमटी धरून पडद्यावरचे त्याचे भाग उचलतात आणि जागी बसवतात. साधा वेबकॅम, मीडियापाइप (कॅमेऱ्याच्या चित्रात हात ओळखणारं साधन) आणि थ्री-जेएस (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्र दाखवणारी लायब्ररी). व्हीआर हेडसेट शाळेला परवडणारा नाही.

मीडियापाइप हाताचे २१ बिंदू देतं. अंगठ्याचं टोक (४) आणि तर्जनीचं टोक (८) जवळ आले की चिमटी धरली, लांब गेले की सुटली. धरायला आणि सोडायला वेगवेगळं अंतर ठेवलंय, त्यामुळे मधेच सुटणं थांबलं. पण पकड या दोन टोकांच्या मध्यबिंदूवर आहे. बोटं उघडताना तर्जनी झटकन वर जाते, मध्यबिंदूही सरकतो आणि नीट बसवलेली झडप ऐन वेळी बाजूला जाते. मुलं पुन्हा पुन्हा बसवतात, मग कंटाळतात. ते बघवत नाही.

मागच्या काही फ्रेममधल्या जागांची सरासरी काढून पाहिली, तर वस्तू हातामागून रेंगाळत येते. वन-युरो फिल्टरने (हात संथ असताना थरथर जास्त गाळतो, वेगात असताना कमी) हे सुटेल का? की सोडण्याच्या काही फ्रेम आधीची जागा धरावी? किती मागे जायचं?

दुसरा प्रश्न खोलीचा, म्हणजे हात कॅमेऱ्यापासून किती लांब आहे त्याचा. झेड (खोलीचा अंक) मनगटाच्या सापेक्ष मिळतो, म्हणून मनगट ते मधल्या बोटाचं मूळ या अंतरावरून हात किती लांब आहे ते काढतो. तळवा जरा कलला की ते अंतर घटतं आणि हृदय मागे पळतं. ओपन-सीव्ही या लायब्ररीचं सॉल्व्ह-पीएनपी (चित्रातल्या बिंदूंवरून वस्तूची जागा आणि कल काढणारं फंक्शन) यासाठी कोणी वापरलंय का?

कोड लगेच पाठवतो. कृपया सुचवा.